विकास योजनेतील लोकसहभाग : ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

शहराची प्रारूप विकास योजना तयार झाल्याची सूचना शासकीय राजपत्रात आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. नकाशे महापालिकेच्या कार्यालयात पाहावयास ठेवले जातात आणि नागरिकांनी विहित मुदतीत आपल्या हरकती व सूचना लेखी स्वरूपात द्याव्यात, असे आवाहन केले जाते. पुढील वीस वर्षांत आपल्या घरासमोरून किती रुंदीचा रस्ता जाईल, मुलांच्या शाळेसाठी कोणती जागा राखली जाईल, खाडीकाठच्या मोकळ्या जमिनीचे काय होईल, हे सारे त्या नकाशांत असते. तरीही शहरातील बहुसंख्य रहिवाशांना ही प्रक्रिया घडून गेल्याचे कळतच नाही. ज्यांना कळते त्यांपैकी अनेकांच्या हाती नकाशा पडतो तेव्हा त्यातील रंग, क्रमांक आणि खुणा यांचा अर्थ लागत नाही.

प्रस्तुत लेखात विकास योजनेच्या प्रक्रियेत रहिवाशांचे म्हणणे कोणत्या टप्प्यावर, कोणत्या रीतीने घेतले जाते आणि त्याचे पुढे काय होते, याचा विचार केला आहे. विवेचनासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन शहरे घेतली आहेत. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. १९९१ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या ८ लाखांच्या घरात होती, ती २०११ मध्ये १८ लाखांवर गेली. कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या २०११ मध्ये, सत्तावीस गावे वगळून, सुमारे साडेबारा लाख होती. मुंबईच्या तुलनेत ही शहरे लहान मानली जातात. परंतु मुंबईत न परवडणारे घर शोधणारा माणूस गेल्या चार दशकांत प्रामुख्याने येथेच स्थिरावला आहे. त्यामुळे वाढीचे नियोजन हा येथे केवळ अभियांत्रिकीचा विषय उरत नाही. कोणी कोणासाठी जागा द्यायची, हा प्रश्न त्यात अध्याहृत आहे.

कायद्याने आखलेली वाट

महाराष्ट्रातील नगरनियोजन 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यानुसार चालते. प्रथम नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुधा महानगरपालिका, योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते (कलम २३). त्यानंतर शहराची पाहणी करून विद्यमान जमीन वापर नकाशा तयार केला जातो (कलम २५). या नकाशाच्या आधारे प्रारूप योजना तयार होऊन ती प्रसिद्ध होते आणि लोकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात (कलम २६). मूळ अधिनियमात यासाठी साठ दिवसांची मुदत होती. आलेल्या हरकतींवर सुनावणी घेण्यासाठी नियोजन समिती नेमली जाते (कलम २८). तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नियुक्त केलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीच्या अहवालावर विचार करून प्राधिकरण योजनेत बदल करते आणि ती शासनाकडे मंजुरीसाठी पाठविते. शासन ती मंजूर करताना आणखी बदल करू शकते (कलम ३१). मंजूर योजनेचे पुनरीक्षण वीस वर्षांतून किमान एकदा करणे अपेक्षित आहे (कलम ३८).

या क्रमाकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. इरादा जाहीर करतानाही लोकांच्या सूचना मागविण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु त्या वेळी लोकांपुढे केवळ हद्दीचा नकाशा असतो. शहराला काय हवे, यावर बोलण्याची खरी संधी हीच असते. मात्र बोलायला आधारच नसल्यामुळे सूचना येत नाहीत. त्यानंतर पाहणी, लोकसंख्येचे अंदाज, आरक्षणांची मांडणी असे सर्व निर्णायक काम कार्यालयात पूर्ण होते आणि लोकांपुढे येतो तो सिद्ध झालेला नकाशा. सिद्ध वस्तूवर माणूस हरकतच घेऊ शकतो. कायद्यात 'हरकती व सूचना' असा जोडशब्द असला तरी प्रत्यक्षात पहिला शब्द दुसऱ्याला गिळून टाकतो, तो यामुळे.

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची केवळ समजूत घालणे आणि माथ्यावर लोकांकडे प्रत्यक्ष नियंत्रण असणे, अशी तिची रचना आहे. आपल्या अधिनियमाने दिलेला सहभाग त्या शिडीच्या साधारण मध्यावर, सल्लामसलतीच्या पायरीवर येतो. ऐकून घेण्याचे बंधन कायद्यात आहे, मात्र ऐकलेले मान्य करण्याचे बंधन त्यात नाही. हे चूक आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. प्रत्येक हरकत मान्य केली तर रस्ता कोठूनच जाणार नाही. परंतु हरकत अमान्य का झाली, याचे उत्तर हरकतदाराला समजेल अशा शब्दांत मिळणे हा त्या पायरीचा किमान अर्थ आहे, आणि व्यवहारात नेमका तोच पुष्कळदा हरवतो.

पाहणी आधी, आराखडा नंतर

नागरिकांना नियोजनात सामावून घेण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडीस १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी येथील शहरांची पाहणी करून अहवाल लिहिले. नकाशा काढण्यापूर्वी शहर पायी फिरून पाहावे, लोक त्यात कसे राहतात ते समजून घ्यावे आणि मगच अगदी आवश्यक तेवढाच हस्तक्षेप करावा, असा त्यांचा आग्रह होता. होळकरांच्या इंदूर संस्थानासाठी काम करताना १९१७ मध्ये त्यांनी दिवाळीच्या निमित्ताने नगरात भव्य मिरवणूक काढविली. प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती तीत होती, आणि ज्या वस्त्या घरे-रस्ते स्वच्छ करतील त्यांच्या भागातून ही मिरवणूक जाणार असे आधीच जाहीर केले होते. लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या. प्रारूप योजनेवर हरकत मागविणारी जाहिरात आणि ही मिरवणूक यांतील अंतर शंभर वर्षांनंतरही विचार करायला लावणारे आहे. याच गेडीस यांनी १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाची धुरा घेतली आणि पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यासारख्या विद्वानाच्या अभ्यासाला वाट करून दिली. म्हणजे महाराष्ट्रातील समाजशास्त्राचा आणि नगरनियोजनाचा उगम एकाच घरात आहे. पुढे मात्र ही दोन भावंडे वेगळी झाली. आज विकास योजना तयार करणाऱ्या चमूत वास्तुविशारद, अभियंते आणि उपग्रह छायाचित्रांचे तज्ज्ञ असतात. समाजशास्त्रज्ञ अपवादानेच असतो.

याचा परिणाम विद्यमान जमीन वापर नकाशावर दिसतो. हा नकाशा म्हणजे संपूर्ण योजनेचा पाया होय. उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या छायाचित्रात इमारत, रस्ता, झाडे, पाणी हे दिसते. वापर दिसत नाही. कोळीवाड्यालगतची मासळी वाळविण्याची आणि जाळी दुरुस्त करण्याची जागा वरून पाहिली तर मोकळी जमीन वाटते. गावातील गुरचरण, गावदेवीच्या जत्रेचे मैदान, भाताची खळी, पावसाळ्यात ओढ्याचे पाणी जेथे पसरते तो सखल पट्टा, हे सर्व छायाचित्रात एकाच रंगाचे असते. नकाशावर एकदा 'रिकामी जागा' अशी नोंद झाली की तिच्यावर आरक्षण टाकणे किंवा ती निवासी विभागात घेणे सोपे जाते. ठाण्यातील चेंदणीसारख्या कोळीवाड्यांना आणि शहरात मिसळून गेलेल्या गावठाणांना समूह विकास योजनेच्या वेळी जी भीती वाटली तिचे मूळ येथे आहे. आपली वस्ती नकाशावर 'गावठाण' म्हणून न उमटता 'जुनी, दाटीची बांधकामे' म्हणून उमटेल, ही ती भीती. कोळीवाडे व गावठाणे या योजनेतून वगळावीत ही मागणी त्यातूनच पुढे आली.

पाण्याचा विषय या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदी आणि वालधुनी यांच्या काठावरील वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणी कोणत्या गल्लीतून शिरले, किती चढले आणि कोठे अडले, याची माहिती त्या वस्तीतील वयस्क माणसांना जितकी अचूक असते तितकी ती कोणत्याही कार्यालयीन कागदात नसते. पाहणीच्या टप्प्यावर अशी माहिती गोळा करण्यास खर्च फारसा येत नाही. प्रभागवार एक मोठा नकाशा शाळेच्या सभागृहात पसरून लोकांना त्यावर खुणा करू दिल्या तरी पुष्कळ काम होते. मुंबईच्या विकास योजनेच्या वेळी विद्यमान जमीन वापर नकाशे प्रारूप योजनेपूर्वीच लोकांसाठी खुले झाले आणि नागरी संस्थांनी त्यांतील चुका दाखवून दिल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात अस्तित्वातील इमारतींवरून जाणारे रस्ते आणि नकाशावर न दाखविलेली वारसास्थळे व प्रार्थनास्थळे आढळली. सुमारे ६५ हजार हरकती-सूचना आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये त्या प्रारूपाच्या फेररचनेचा आदेश शासनाला द्यावा लागला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पायातील चूक नंतर दुरुस्त करणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण आहे.

सत्तावीस गावे

कल्याण-डोंबिवलीचा विचार सत्तावीस गावांना वगळून करताच येत नाही. १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा कल्याण व डोंबिवली यांच्याबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि परिसरातील अनेक गावे एकाच हद्दीत आणण्यात आली. अंबरनाथ व बदलापूर १९९२ मध्ये बाहेर पडले. शहराच्या दक्षिण व पूर्व बाजूंची सत्तावीस गावे मात्र हद्दीत राहिली. कर भरावा लागतो, पण पाणी, रस्ते, गटारे मिळत नाहीत, आणि शहराच्या सोयीसाठी आरक्षणे मात्र आमच्या शेतांवर पडतात, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. दीर्घ आंदोलनानंतर २००२ मध्ये ही गावे महापालिकेतून वगळण्यात आली. पुढे त्यांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले. १ जून २०१५ रोजी ती पुन्हा महापालिकेत समाविष्ट झाली. २०२० मध्ये त्यांपैकी अठरा गावे वगळून स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

या घटनाक्रमाचे राजकीय अर्थ अनेक लावता येतील. नियोजनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, एका पिढीच्या काळात या गावांतील रहिवाशाला आपली हरकत कोणाकडे द्यायची, हे तीन-चार वेळा नव्याने शिकावे लागले. ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी, प्राधिकरण, महापालिका अशी कार्यालये बदलत गेली. दरम्यान बांधकामे थांबली नाहीत. नियोजन प्राधिकरण कोण हे अनिश्चित असण्याच्या काळातच गावांच्या जमिनींवर चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. अशा बांधकामांनी योजनेतील रस्ते आणि आरक्षणे गिळून टाकली की पुढच्या योजनेत त्याच गावाच्या उरलेल्या शेतजमिनीवर नवी आरक्षणे टाकावी लागतात. म्हणजे ज्याने बांधले नाही त्याच्याच जमिनीवर बोजा येतो. ग्रामस्थांच्या विरोधाची ही बाजू शहरातील सुशिक्षित वर्गाने क्वचितच समजून घेतली आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गावकरी विकासाच्या आड येतात, हे वाक्य डोंबिवलीच्या व्याख्यानमालांतून पुष्कळदा ऐकू येते. त्याच गावातील विहिरी आणि खाजणे कोणाच्या वसाहतींखाली गेली, हा प्रश्न तेथे सहसा निघत नाही.

याच गावांपैकी निळजे, काटई, कोळे, हेदुटणे, घेसर, उंबरोली, माणगाव, भोपर, संदप व उसरघर या दहा गावांत सुमारे एक हजार हेक्टर क्षेत्रावर 'कल्याण विकास केंद्र' उभारण्याचा प्रकल्प २०१५ नंतर पुढे आला. त्यात नगररचना परियोजनेची पद्धत सुचविली गेली. या पद्धतीत सर्व जमिनी एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी काही भाग काढून घेऊन, उरलेली जमीन मूळ मालकांना नव्या आखणीनुसार परत दिली जाते. तत्त्वतः ही पद्धत आरक्षणापेक्षा न्याय्य आहे, कारण तोटा व लाभ सर्वांत वाटला जातो. गुजरातमध्ये ती दीर्घकाळ वापरात आहे. तरीही येथे शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. त्यांच्या शंका स्वाभाविक होत्या. किती टक्के जमीन परत मिळणार, कोठे मिळणार, तोपर्यंत बांधलेल्या घरांचे काय होणार, आणि वारसांची नावे सातबाऱ्यावर लागलेली नसतील तर कोणाशी बोलणार? ज्या गावाने दोन-तीन वेळा हद्द बदललेली पाहिली आहे त्याला कागदावरील टक्केवारीवर विश्वास ठेवायला सांगण्यापूर्वी, त्याच्या बांधावर जाऊन एकेका खातेदाराचा हिशेब मांडून दाखवावा लागतो. विश्वास हा येथे नियोजनाचा कच्चा माल आहे आणि त्याचा साठा फार पूर्वीच संपलेला होता.

हरकत कोण घेतो

हरकतींची संख्या मोठी असली की सहभाग मोठा झाला असे मानण्याची प्रथा आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप योजनेवर २०१३ मध्ये ८७ हजारांहून अधिक हरकती आल्या. त्यांवर सुनावणी झाली, परंतु नियोजन समितीतील नगरसेवक सदस्य आणि शासननियुक्त सदस्य यांचे एकमत होऊ शकले नाही. अखेर २०१५ मध्ये शासनाने योजना आपल्या हाती घेतली आणि तिला मंजुरी २०१७ मध्ये मिळाली. इतक्या हरकती इतक्या कष्टाने नोंदवूनही अंतिम निर्णय शहराबाहेर झाला. संख्या हा सहभागाचा पुरावा असू शकतो. परिणामाचा पुरावा ती नव्हे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न हरकत घेणारा कोण, हा आहे. ज्याच्या जमिनीवर उद्यानाचे आरक्षण पडते त्याचे नुकसान निश्चित, मोठे आणि एकट्याचे असते. तो वकील करतो, सर्वेक्षकाकडून नकाशा करून घेतो आणि सुनावणीला हजर राहतो. त्या उद्यानाचा लाभ ज्यांना होणार ती हजारो माणसे विखुरलेली असतात. त्यांतील काही तर अजून शहरात आलेलीही नसतात. उद्यान होणार म्हणून समाधान व्यक्त करणारे पत्र कोणी महापालिकेला लिहीत नाही. परिणामी समितीपुढे येणाऱ्या कागदांत आरक्षण वगळण्याच्या मागण्यांचे पारडे जड असते आणि ते कायम ठेवण्याच्या बाजूचे जवळजवळ रिकामे असते. एखाद्या मैदानाचे आरक्षण उठविण्याची मागणी झाली आहे, हे त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना समजते ते बदलांची यादी प्रसिद्ध झाल्यावर. तोवर सुनावणी संपलेली असते. यावर साधा उपाय असा की, आरक्षण वगळण्याच्या सर्व मागण्या सुनावणीपूर्वीच प्रभागवार प्रसिद्ध कराव्यात. कायद्याने त्याला मनाई केलेली नाही.

आरक्षण टिकले तरी काम संपत नाही. मंजुरीनंतर दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ नुसार खरेदीची सूचना देऊ शकतो आणि विहित मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते. ठाणे शहराची योजना १९९९ मध्ये मंजूर झाली. वगळलेल्या भागांना २००३ मध्ये मंजुरी मिळाली. पुढील सुधारित योजनेचे प्रारूप प्रसिद्ध व्हायला २०२४ साल उजाडले. मधल्या पाव शतकात घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा जे शहर उभे राहिले ते मूळ नकाशात कल्पिलेल्या शहरापेक्षा वेगळे होते.

संघटित नागरिकांनी नेमकी आणि विधायक सूचना केली तर ती योजनेत उतरू शकते, याचेही दाखले आहेत. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या योजनेत महिला संघटनांच्या पाठपुराव्यामुळे स्त्रियांच्या गरजांचा स्वतंत्र विचार झाला. नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास आणि 'आधार केंद्र' अशा सोयींचा तीत समावेश झाला. या संघटनांनी केवळ निषेध नोंदविला नाही. कोणती सोय, किती लोकसंख्येमागे आणि कोणत्या आरक्षणाबरोबर जोडून देता येईल, हे त्यांनी मांडले. नियोजनकाराच्या टेबलावर भावनेपेक्षा मोजमापाला वजन असते, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून सामान्य नागरिकाने हरकत लिहितानाही नकाशा पत्र क्रमांक, आरक्षण क्रमांक, सर्व्हे किंवा नगर भूमापन क्रमांक, जागेची प्रत्यक्ष स्थिती, आक्षेपाचे कारण आणि पर्यायी जागा एवढे लिहावे, आणि प्रत्यक्ष सुनावणीची विनंती शेवटी न विसरता करावी.

भाषा आणि वेळ

मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ या काळासाठीच्या प्रारूप प्रादेशिक योजनेच्या वेळी ती मराठीत उपलब्ध करून द्यावी, अशी मागणी वसईसह विविध भागांतून झाली. वसईकरांना अशा लढ्याचा अनुभव होता. हरित वसईच्या चळवळीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शेती, बागायती आणि विहिरी वाचविण्यासाठी नियोजनाच्या कागदपत्रांचा अभ्यासच केला होता. भाषेचा मुद्दा केवळ अस्मितेचा नाही. 'ना विकास क्षेत्र', 'चटई क्षेत्र निर्देशांक', 'हस्तांतरणीय विकास हक्क' हे शब्द मराठीतही अवघडच आहेत. शब्द मराठी केले तरी त्यांचा अर्थ सांगणारा माणूस नकाशाजवळ उभा असावा लागतो.

वेळेचा प्रश्न या शहरांत विशेष तीव्र आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली तेव्हापासून या परिसराचे भवितव्य मुंबईच्या वेळापत्रकाशी जोडले गेले. डोंबिवलीचा नोकरदार सकाळी सातच्या सुमारास घर सोडतो आणि रात्री आठनंतर परततो. नकाशे पाहण्याची वेळ कार्यालयीन, सुनावणी कामाच्या दिवशी, आणि हरकत देण्याची खिडकी दुपारी बंद होणारी. ज्या शहरातील कर्ता वर्ग दिवसा शहरात नसतोच त्या शहराने सुनावणी रविवारी किंवा संध्याकाळी का घेऊ नये? कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० नंतरच्या पहिल्या दशकात संगणकीकृत नागरी सेवांचा प्रयोग राज्यात आघाडीने केला होता आणि इतर पालिकांनी त्याचे अनुकरण केले. जन्मदाखला आणि मालमत्ता कर यांसाठी जी तत्परता दाखविली गेली ती नकाशांच्या बाबतीत अशक्य नाही.

स्मार्ट सिटी अभियानात ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. त्या प्रस्तावांसाठी नागरिकांची मते मोठ्या प्रमाणावर मागविण्यात आली. परंतु अभियानाचा मुख्य भर निवडक क्षेत्रावर आणि स्वतंत्र कंपनीमार्फत चालणाऱ्या प्रकल्पांवर होता. वीस वर्षांच्या विकास योजनेशी त्या मतांची सांगड घातली गेली नाही. मार्च २०२५ मध्ये अभियान संपले. नागरिकांनी त्या वेळी जे सांगितले ते सर्व पुढच्या योजनेच्या अभ्यासगटाने वाचावे, इतकी अपेक्षा तरी रास्त आहे.

डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्राची गोष्ट वेगळी नोंदवावी लागेल. १९६० च्या दशकात हे क्षेत्र आखले गेले तेव्हा कारखाने आणि वस्ती यांत अंतर होते. पुढे वस्ती कारखान्यांच्या कुंपणाला येऊन भिडली. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तेथील रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसे मृत्युमुखी पडली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. औद्योगिक क्षेत्राचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि त्यालगतच्या वस्तीचे महापालिकेकडे. मधला सुरक्षित पट्टा कोणाच्या नकाशात असावा, हे विचारण्यासाठी रहिवाशाला दोन दारे ठोठवावी लागतात आणि दोन्हीकडे दुसरे दार दाखविले जाते.

निवडून आलेले कोण ?

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली. महाराष्ट्रात २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मतदान केंद्रांच्या समूहासाठी 'क्षेत्र सभा' ही संकल्पना आली. ग्रामसभेप्रमाणे शहरातील रहिवाशांनाही बसून बोलण्याची जागा असावी, हा तिचा हेतू. ती कागदावरच राहिली. विकास योजनेसाठी सूचना गोळा करण्याचे याहून योग्य व्यासपीठ शोधूनही सापडणार नाही. केरळमध्ये १९९६ च्या लोकयोजना मोहिमेने असे वाडी-वस्तीच्या सभांतून नियोजन करून दाखविले आहे.

दरम्यान निवडून आलेले सभागृहच नसण्याचा काळ आला. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली. जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. ठाण्याचे २०२४ चे प्रारूप याच काळात प्रसिद्ध झाले. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असावेत असे कायदा सांगतो, तो लोकप्रतिनिधींच्या तोंडून वस्तीचे म्हणणे समितीत पोचावे म्हणून. स्थायी समितीच नसेल तेव्हा त्या तीन खुर्च्यांचा मूळ हेतू कसा साधायचा, याचे समाधानकारक उत्तर व्यवस्थेकडे नाही. नगरसेवकांविषयी कितीही तक्रारी असोत, रात्री अकरा वाजता ज्याच्या घराचे दार वाजविता येते असा नियोजन प्रक्रियेतील तो एकमेव माणूस असतो.

मंजुरीनंतरचे बदल

योजना मंजूर झाली म्हणजे ती स्थिर झाली, असा समज आहे. वस्तुतः कलम ३७ नुसार मंजूर योजनेत फेरबदल करता येतात; योजनेचे मूळ स्वरूप बदलू नये एवढीच अट असते. त्यासाठी सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत मिळते. सूचनेत 'मौजे अमुक, सर्व्हे क्रमांक तमुक येथील आरक्षण वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे' इतकाच मजकूर असतो. वीस वर्षांच्या काळात अशा फेरबदलांची संख्या वाढत जाते आणि मूळ योजनेवर हजारो हरकती देणारे शहर या एकेका ओळीच्या सूचनांकडे बहुधा पाहतही नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराकडे नोंदलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा घरे घेतलेल्या शेकडो कुटुंबांना आपली इमारत मुळात कायदेशीर परवानगीवाचून उभी आहे, हे प्रथमच कळले. विकास योजनेचा उतारा, ज्याला व्यवहारात 'झोन दाखला' म्हणतात, तो नगररचना विभागाकडून शुल्क भरून कोणालाही मिळतो. घर घेताना बँकेची कागदपत्रे तपासणारा माणूस हा एक कागद मागत नाही. प्रभाग कार्यालयाच्या फलकावर, सफाईच्या वेळापत्रकाशेजारी, त्या प्रभागातील सर्व आरक्षणांची यादी आणि चालू फेरबदलांच्या सूचना लावणे महापालिकेला एका दिवसात शक्य आहे. त्यासाठी नवा कायदा, नवी समिती किंवा शासनाची मंजुरी लागत नाही.